ज्ञ कुठं बसतो?

१

शुक्रवारी सकाळी औटी कपाट उघडलं आणि 'जकात'च्या पेटीत पहिल्या आवृत्तीच्या जागी नुसती फट दिसली. दुसरी आवृत्ती होती, तिसरी होती, चौथी होती. पहिली नव्हती. कपाट उघडलं संस्कृतीनं, पण ओरडले मी. त्यामुळे नंतर सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते माझं ओरडणंच.

हे कपाट म्हणजे मंचरच्या आमच्या घोडखोरे संशोधन ग्रंथालयाचा जीव. आबाजी औटी मूळचे जुन्नरचे. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी आठ संगीत नाटकं लिहिली, ती गावोगाव गाजली आणि मग लोक त्यांना विसरून गेले. त्यांच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या एका जागी मिळतात त्या फक्त आमच्याकडे. त्यातही 'संगीत जकात', म्हणजे नाणेघाटातल्या जकातदाराची गोष्ट, या नाटकाच्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत उरली आहे. पुढच्या आवृत्त्यांतून काढून टाकलेला अख्खा तिसरा अंक त्या प्रतीत आहे. सोमवारी पुण्याहून माणसं येऊन तिचे फोटो काढणार होती. मग नवं पुस्तक निघणार, आणि त्यावर संपादक म्हणून आमच्या औटी विभागाच्या प्रमुखाचं नाव छापलं जाणार होतं. हा प्रमुख कोण, ते विश्वस्त शनिवारी ठरवणार होते. मी, हर्षाली नेहरकर, किंवा ती, संस्कृती टेमकर.

मी या ग्रंथालयात केस काळे होते तेव्हापासून आहे. संस्कृती गेल्या दिवाळीनंतर आली. अवसरी बुद्रुकची पोरगी, बाप फौजेतून निवृत्त होऊन गावी परतलेला, पुण्याची ग्रंथालयशास्त्राची पदवी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपण फार महत्त्वाचे आहोत. पेट्या मोजतानासुद्धा 'उन्तीस, तीस, इकतीस' असं पुटपुटते. लोकांना ते गोड वाटतं. मला वाटायचं, जबलपूरच्या छावणीतून पोरगी आली, पण छावणी काही तिच्या जिभेवरून उतरली नाही.

आणि तिनं आल्या आल्या काय केलं, तर माझ्या कपाटाचा क्रम बदलला. 

औटींच्या आठही नाटकांच्या नावाआधी 'संगीत' आहे. त्या शब्दानं लावायला गेलं तर सगळीच 'स'मध्ये जाऊन बसतील. म्हणून 'संगीत' सोडायचं, पुढचा शब्द धरायचा आणि मुळाक्षरांच्या क्रमानं पेट्या लावायच्या. एका नाटकाची एक पेटी, पेटीत आवृत्त्या ओळीनं. ही पद्धत माझी. इथपर्यंत संस्कृतीचंही काही म्हणणं नव्हतं. पण 'क्ष' आणि 'ज्ञ' ही अक्षरं आपण शाळेत पाटीवर सगळ्यात शेवटी लिहितो, म्हणून 'क्षमेची किंमत' आणि 'ज्ञानदा' मी सगळ्यात शेवटी ठेवायची. तिचा संगणक 'क्ष'ला 'क'मध्ये कोंबतो आणि 'ज्ञ'ला 'ज'मध्ये. ती म्हणाली, यंत्रात आणि कपाटात एकच क्रम हवा. विश्वस्तांच्या सभेत मी आवाज चढवला, "क्ष आणि ज्ञ शेवटी, हीच मराठीची रीत!" विश्वस्तांनी भजी खात खात यंत्राच्या बाजूनं कौल दिला. त्या दिवसापासून माझा जळफळाट अख्ख्या मंचरला माहीत होता.

तर शुक्रवारी ती रिकामी फट बघून ओरडल्यावर माझी नजर कपाटातल्या पेट्यांवरून फिरली. करवतकाठी, जकात, दुहेरी पाट, लगीनचिठ्ठी, हुंड्याची घोडी, क्षमेची किंमत, त्रिशंकूची बायको, ज्ञानदा.

'ज्ञानदा' शेवटी होती. रातोरात कुणीतरी कपाट पुन्हा माझ्या पद्धतीनं लावलं होतं. मी मान वळवली, तर संस्कृती कपाटाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

२

"पोलीस नकोत," जवरीलाल शेठ म्हणाले. "पेपरात आलं की सोमवारी पुण्याचे लोक यायचे नाहीत."

जवरीलाल बोरा हे आमचे अध्यक्ष. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन ते मांडलं. ग्रंथालयाच्या दरवाजाची किल्ली शेठ स्वतःकडे ठेवतात, त्यामुळे मला रोज सकाळी दुकानात जाऊन ती मागून आणावी लागते. अध्यक्षपदापेक्षाही त्यांना त्या किल्लीचा अभिमान जास्त आहे.

पोलीस नकोत म्हणून शेठनी झुंबरबाई लेंडेंना बोलावलं. पिंपळवंडीच्या या बाई फौजदार म्हणून निवृत्त झाल्या आणि आता टोमॅटो पिकवतात. हातात पिशवी, पायात बूट, नऊवारीवर जाकीट. आल्या त्या थेट माझ्या खुर्चीत बसल्या. मला विचारलंही नाही. खरं सांगते, तेवढ्यानंच त्या माझ्या मनातून उतरल्या.

"काल सांजच्याला हितं कोण कोण व्हतं?" त्यांनी विचारलं.

होतो आम्ही चौघं. शेठ, मी, संस्कृती आणि सयाजी औटी. सयाजीराव म्हणजे आबाजींचे नातू, जुन्नरहून आले होते. सोमवारच्या तयारीसाठी ग्रंथालय बंद झाल्यावरही आम्ही थांबलो होतो. शेठ पुढच्या भिंतीची मापं घेत होते, सयाजीराव मागच्या ओट्यावर तंबाखू मळत होते, मी वरच्या मजल्यावर टेबलं पुसत होते आणि संस्कृती संगणकाच्या खोलीत होती. कपाटाची किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला असते. ती सगळ्यांना माहीत. कपाट आहे त्या मधल्या दालनात बराच वेळ कुणीच नव्हतं.

"आन् गेला कसे?"

"माझ्या गाडीतून," शेठ म्हणाले. "चौघंही एकदम निघालो. दाराला कुलूप मी लावलं."

"कुणाच्या हातात पिशवी?"

कुणाच्याच नव्हती. दोन्ही बायकांच्या पर्सा एवढ्याशा होत्या, आणि ती प्रत चांगली पाटीएवढी.

"म्हंजी पुस्तक अजून हितंच हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "शेठ, तुमी रातच्याला परत आला नसाल तर."

शेठ ताडकन उठले. "किल्ली माझ्याकडे असते म्हणून चोर मी?"

"बसा वो राव. टेबलं-कपाटं बघून घिऊ. तुमच्यापासून सुरू करू."

शेठचं अध्यक्षांचं टेबल आधी झालं, मग संस्कृतीचं. माझ्या टेबलाचा खालचा खण त्यांनी ओढला आणि आतून दोन बोटांत एक पांढरी सुती नाडी उचलून धरली. पहिल्या आवृत्त्यांनाच आम्ही पांढरी नाडी बांधतो. तिच्या टोकाला चिकटवलेल्या चिठोऱ्यावर माझ्याच अक्षरात 'जकात' लिहिलेलं होतं.

३

"मी घेतली नाही," एवढंच मी म्हणू शकले.

सयाजीरावांनी लगेच संधी साधली. "मी पयल्यापासनं सांगत व्हतो. आमच्या चुलत्यानं आज्ज्याचं पुस्तक हितं दिलं तवाच चुकलं. घरचं धन परक्याच्या कपाटात. माज्याकडं असतं तर असं झालं असतं का?"

"तुमच्याकडं असतं तर उंदरांनी खाल्लं असतं," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. पण खोटं नव्हतं.

झुंबरबाईंनी मला बाहेर बसवलं आणि एकेकाला आत घेतलं. त्या खोलीचं दार नीट लागत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. किंवा होतं.

सयाजीरावांनी आत भडाभडा सगळं ओकून टाकलं. आज्ज्याच्या नाटकांवर लोक भाषणं देतात, फोटोत पहिल्या रांगेत बसतात, आणि रक्ताचा नातू मागच्या ओट्यावर तंबाखू मळतो. "सोमवारी पुण्यावाले येनार, तर प्रस्तावनेत माझं नाव कितव्या पानावर, म्हनून इचारलं. ही हर्षालीताई म्हनली, आभारात. आभारात, फौजदारबाई! मी आज्ज्याचा नातू, आभारात!"

"म्हणून पुस्तक लपिवलं?"

"मी घेतलं असतं तर हितं कशाला लपिवलं असतं? जुन्नरला घिऊन गेलो असतो. पोटात घालून."

मग शेठ आत गेले. त्यांचं दुखणं वेगळंच निघालं. दुकानाच्या गल्ल्यामागे त्यांना काचेची पेटी करायची होती, आईच्या फोटोखाली, आणि तिच्यात 'जकात'ची प्रत महिनाभर ठेवायची होती. मी नाही म्हटलं होतं. उन्हात पान पिवळं पडतं, असं मी सभेत सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"तुमाला राग आला?"

"यायला नको? कपाट आम्ही दिलं, पंखे आम्ही दिले. हर्षालीताई त्या कपाटासमोर अशी उभी राहते जसं ते तिच्या माहेरहून आलंय."

बाहेर बाकावर बसून मी हे ऐकत होते. आणि मला एक गोष्ट कळत होती, की या इमारतीत माझ्या बाजूचं कुणीच नाही. उद्या शनिवार. नाडी माझ्या खणात सापडलेली. कपाट माझ्या पद्धतीनं लावलेलं. प्रमुखपद तर गेलंच होतं. आता मंचरच्या बाजारात लोक 'पुस्तकचोर' म्हणून माझ्याकडे बोट दाखवणार होते.

संस्कृतीचा आवाज मात्र शांत होता. "ताईंनी घेतली असं मी म्हणणार नाही, मॅडम. त्या खूप वर्षं इथं आहेत. माणूस रागात काहीतरी करतो. कपाट परत आपल्यासारखं लावावंसं वाटणं मी समजू शकते."

समजू शकते म्हणे! मला वाटलं, उठावं आणि तिच्या झिंज्या धराव्यात.

४

शेवटी मला आत बोलावलं. झुंबरबाई अजूनही माझ्याच खुर्चीत.

"ती पोरगी तुला आवडत न्हाई."

"नाही."

"का?"

मी ठरवलं, खोटं कशाला बोला. "कारण मी जे हातानं केलं ते ती बोटाच्या एका टिचकीनं करते, आणि लोक टाळ्या तिला वाजवतात. कारण ती तरुण आहे. कारण ती मला 'ताई' म्हणते तेव्हा मला मी म्हातारी झाल्यासारखं वाटतं. कारण तिचं अक्षरसुद्धा चांगलं आहे. पुरे?"

झुंबरबाई हसल्या. पहिल्यांदाच. "पुरे. माजी सून इंदूरची हाय. नातवाला ती तिच्या घरची बोली शिकविती, मी माजी. पोरगं माज्याकडं कमी येतं आन् तिच्याकडं जादा. मला ठावं हाय, पोटात कसं दुखतं ते."

"मग तुम्हाला कळेल. मी जळते. पण चोरी केली नाही."

"ते मला ठावं हाय."

"कसं काय?"

"आगं, चोरी करणारा माणूस कसा वागंल? पुस्तक उचलंल आन् निघंल. ह्यानं काय केलं? पुस्तक उचललं, आन् मग आठ पेट्या नव्यानं लावत बसला. घाईच्या येळंला. का? कुणीतरी बघून म्हनावं, ही हर्षालीची करणी. आन् नाडी? पुस्तक लपिवलंस आन् नाडी आपल्याच खणात टाकलीस व्हय? इतकी येडी तू दिसत न्हाईस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी खाली बघितलं.

"मग कोण?"

"आजून न्हाई कळलं. पर कपाट मी एकटीच बघत बसले व्हते जेवणाच्या सुट्टीत. त्या पेट्यांत एक पेटी लई शहाणी हाय." त्या उठल्या. "उद्याच्या सभेला सगळ्यांना बोलाव. आन् तोवर कपाटाला हात लावायचा न्हाई. तूबी न्हाई."

कुठली पेटी? मी रात्रभर आठवत राहिले. डोळ्यांसमोर फक्त 'ज्ञानदा' येत होती, सगळ्यात शेवटी, माझ्याच जागेवर.

५

शनिवारी सभेला शेठ इस्त्रीच्या कपड्यांत आले. सयाजीराव कोपऱ्यात बसले. संस्कृती नेहमीप्रमाणे वही उघडून. कुणी माझ्याशेजारी बसलं नाही.

झुंबरबाई कपाटासमोर उभ्या राहिल्या. "आधी एक खेळ. शाळेत मुळाक्षरं शिकला असाल. ह च्या पुढं काय येतं, शेवटपर्यंत, ते एकेकानं येऊन माज्या कानात सांगायचं. मोठ्यानं न्हाई."

"हा काय पोरखेळ?" शेठ म्हणाले.

"पोरखेळच हाय. या."

आणि कापडबाजारातले सगळ्यात मोठे व्यापारी, ग्रंथालयाचे अध्यक्ष, फौजदारबाईंच्या कानाशी वाकून मुळाक्षरं पुटपुटले. एरवी मी पोट धरून हसले असते. मग सयाजीराव गेले, तंबाखूच्या वासानं झुंबरबाईंनी नाक मुरडलं. मग संस्कृती. ती पटकन सांगून परत आली. शेवटी मी.

"तिघांनी एकच सांगितलं," झुंबरबाई म्हणाल्या. "चौथ्यानं येगळं. आता ह्या पेट्या बघा. करवतकाठी. जकात. दुहेरी पाट. लगीनचिठ्ठी. हुंड्याची घोडी. क्षमेची किंमत. त्रिशंकूची बायको. ज्ञानदा. ही कुणाची पद्धत?"

"हर्षालीताईंची," संस्कृती हळूच म्हणाली. "क्ष आणि ज्ञ शेवटी."

"आन् त्रिशंकू?"

मी उठून उभी राहिले. हे काय होतं! दोन दिवस मी त्या कपाटाचा विचार करत होते, आणि मला फक्त 'ज्ञ' दिसत होता. त्रिशंकू. त्र. त्र म्हणजे त. 'जकात'च्या पुढं, 'दुहेरी पाट'च्या आधी. पहिल्या दिवसापासून मी त्रिशंकूला तिथंच बसवलं होतं.

"तो माझा क्रम नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मी 'त्र' कधीच शेवटी ठेवणार नाही. मराठी पाटीवर 'त्र' शेवटी नसतो. ह, ळ, क्ष, ज्ञ. बस."

"बरूबर. मग क्ष आन् ज्ञ च्या मदी त्र कुठं बसतो?" झुंबरबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "माज्या घरात बसतो. माजी सून नातवाला शिकविती, क्ष, त्र, ज्ञ. हिंदी शाळेतली पाटी. ळ तिच्यात न्हाईच. आमी दोघी रोज त्यावरून भांडतो. ह्या कपाटाला हात लावणारा हिंदी शाळेत शिकलेला हाय."

सगळ्यांच्या माना एकदम शेठकडे वळल्या. सयाजीरावांनी तर बोटच दाखवलं. "राजस्थान!"

शेठचा चेहरा लालबुंद झाला. "अरे, राजस्थानात माझे आजोबा जन्मले, मी नाही! मी मंचरच्या झेडपीच्या शाळेत शिकलो. ळ च्या उच्चारासाठी मास्तरांनी हातावर छडी मारलीय. म्हणू का? ह, ळ, क्ष, ज्ञ!" आणि त्यांनी तो 'ळ' असा घोळून म्हटला की झुंबरबाईंनी मान डोलावली.

"शेठनी मला हेच सांगितलं. सयाजीरावांनीबी. हर्षालीनंबी." त्या संस्कृतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तू काय सांगितलंस, बाळा? समद्यांना सांग."

संस्कृतीच्या हातातलं पेन खाली पडलं. तिनं ते उचललं नाही.

"क्ष, त्र, ज्ञ," ती म्हणाली.

६

"यंत्र सगळं लावून देतं," ती म्हणाली. "मला कधी डोक्यानं क्रम लावावाच लागला नाही. ताई सभेत म्हणाल्या क्ष आणि ज्ञ शेवटी. मला वाटलं, त्रसुद्धा. शाळेत आम्ही तसंच म्हणायचो. जबलपूरला."

ती उठली, मागच्या खोलीत गेली. आम्ही सगळे तिच्या मागे. तिथं संगीत विषयाची लांबलचक रांग आहे, पेटी शिका, तबला शिका, रागांची पुस्तकं. त्यातलं खाकी कागदाचं वेष्टण घातलेलं एक पुस्तक तिनं काढलं. वेष्टण उलगडल्यावर आत आबाजी औटी होते, एकही पान न दुमडलेले. कपाटात 'संगीत' शब्द आम्ही सोडून देतो, म्हणून तिनं त्याच शब्दाखाली प्रत ठेवली होती. चार महिन्यांनी मीच शोधली असं म्हणून ती बाहेर काढायची, असं तिच्या मनात होतं.

"पुस्तकाला मी काही होऊ दिलं नसतं," ती म्हणाली.

"आणि मला?" मी विचारलं.

तेव्हा तिचा तो शांत आवाज फाटला. "तुम्हाला? तुम्हाला काय होतंय? वाचक माझ्या टेबलाशी येतात, मी दोन सेकंदांत पुस्तक शोधून देते, आणि ते विचारतात, ताई नाहीत का? ताई बसल्यात का? मी सांगितलेलं खरं आहे का ते तुम्हाला विचारून येतात! सयाजीकाका आज्जोबांच्या गोष्टी तुम्हाला सांगतात, मला 'ती पोरगी' म्हणतात. मी कपाट लावलं तर सगळे म्हणतात, यंत्र चांगलं आहे. यंत्र! माझं नाव कुणीच घेत नाही. तुमचा जळफळाट तरी अख्ख्या गावाला माहीत आहे. माझा कुणाला कळलासुद्धा नाही."

शेठनी घसा साफ केला. "पोलिसांत द्यायचं की नाही, ते हर्षालीताईंनी सांगावं. बदनामी त्यांची होणार होती."

मी तिच्याकडे बघितलं. तिचं नाक लाल झालं होतं आणि ती एकदम फार लहान दिसत होती. मला दया आली असं मी लिहिलं असतं, तर वाचायला बरं वाटलं असतं. पण मला दया आली नाही. मला आनंद झाला. अगदी गच्च भरून आनंद झाला, की ती माझ्यावर जळत होती.

"पोलीस नकोत," मी म्हणाले. "पण इथंही नको."

ती त्याच दुपारी अवसरीला गेली. विश्वस्तांनी मला प्रमुख केलं. टाळ्या वाजल्या. झुंबरबाईंनी माझी खुर्ची रिकामी करून दिली आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "आता निवांत बस." सोमवारी पुण्याची माणसं आली, फोटो झाले, पुस्तकावर माझं नाव जाईल असं ठरलं, आणि सयाजीरावांना प्रस्तावनेच्या पहिल्याच पानावर जागा दिली. शेठनी काचेच्या पेटीचा हट्ट सोडला. सगळं माझ्या मनासारखं झालं.

बुधवारी घाटघरहून जानकू नावाचे एक म्हातारे आले. त्यांच्या गावात 'जकात'मधली पदं अजून लग्नात म्हणतात. ते टेबलाशी उभे राहिले आणि इकडेतिकडे बघू लागले.

"ती पोरगी न्हाई का?"

"मी आहे ना, बाबा. काय हवंय?"

"न्हाई, तिला ठावं हाय. मी गायलो तसं तिनं समदं त्या डब्यात भरून घेतलं व्हतं. परत ऐकवीन म्हनली व्हती."

"मी शोधते."

मी त्यांना बसवलं आणि संगणकासमोर बसले. तिनं काय कुठं ठेवलंय ते मला सापडेना. 'ज' बघितला, 'स' बघितला, 'घ' बघितला. बराच वेळ झाल्यावर ते म्हणाले, "राहू द्या बाई. ती आली की येतो." आणि काठी टेकत निघून गेले. खाली जाऊन रिक्षावाल्याला सुद्धा त्यांनी विचारलं, ती पोरगी कुठं गेली म्हणून. वरून मला ऐकू आलं.

माझ्या पोटात पुन्हा तेच दुखणं उठलं. आणि या वेळी ते असह्य होतं, कारण समोरची खुर्ची रिकामी होती. समोर बसलेल्या माणसावर जळता येतं, त्याला टोमणा मारता येतो, त्याच्यापेक्षा लवकर येऊन दाखवता येतं. रिकाम्या खुर्चीपुढं माझं काहीच चालेना.

मी फोन लावला. तिनं तो पहिल्याच घंटेला उचलला.

"उद्या दहाला ये," मी म्हणाले. "शेठना मी सांगेन. उशीर चालणार नाही."

"ताई," ती म्हणाली, "मी कुठं बसू?"

"समोर," मी म्हणाले. "मला दिसशील अशी."